पडद्यापलीकडचं औषध

आमच्या घरी साखरेची पुडीसुद्धा कामगारांच्या मागण्यांच्या पत्रकात बांधलेली असायची. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि उरलीसुरली पत्रकं घरी आणायचे. बाराखडी पुरी व्हायच्या आत मला ‘आम्हाला उत्तर मिळालंच पाहिजे’ हे वाचता येत होतं. लग्न होऊन देवळाली प्रवऱ्याला आले, तेव्हा उत्तर मागायची ही खोड माझ्याबरोबर आली.

दुष्काळाच्या वर्षी माझं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यात वाढायचं थांबलं. नगरच्या एका खाजगी दवाखान्यात पिशवी साफ करायचं ठरलं. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला आपल्या खोलीत बसवून सगळं सांगितलं. मी बाहेर बाकावर होते. नवरा बाहेर आला आणि म्हणाला, “काही नाही, साधं आहे. उद्या सकाळी होईल.”

मला आत खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर साखर कारखान्याच्या एका संचालकाची सून होती. मध्ये हिरवा पडदा. सिस्टर म्हणाल्या, तिचंही तुमच्यासारखंच आहे, तिसऱ्या महिन्यातलंच. त्याच क्षणी मला तिच्याविषयी माया वाटायला हवी होती. पण दुपारी डॉक्टर पडद्याच्या त्या बाजूला गेले, स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि ते समजावून सांगू लागले.

पहिलटकरणीच्या पिशवीचं तोंड घट्ट मिटलेलं असतं. ते जबरदस्तीनं उघडलं तर फाटण्याची भीती असते, म्हणून आदल्या दिवशीच मऊ करून घ्यायचं. एरवी आपण समुद्रातल्या एका वनस्पतीची वाळलेली काडी आत ठेवतो. ती ओल शोषून हळूहळू फुगते आणि तोंड उघडतं. पण इथे विलायतेहून आलेलं नवं औषध देऊन बघू. ते आत ठेवलं की तोंड आपोआप मऊ पडतं. थोड्या कळा येतील, उलट्या होतील, थंडी वाजेल, घाबरायचं नाही. बर्फाच्या थर्मासमध्ये आणलंय, एकच आहे.

मी श्वास रोखून ऐकत होते. तिचं उत्तर काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, श्रीमंताची सून, एवढं पुढ्यात वाढलेलं असून तोंड उघडत नाही. औषधाचा हेवा वाटलाच, पण त्या स्टुलाचा जास्त वाटला. शरीर तिचं तसंच माझं. तिच्याजवळ बसून बोलायचं, आणि माझ्या बाबतीत नवऱ्याला खोलीत बोलवायचं!

सिस्टर माझ्यासाठी ट्रे घेऊन आल्या तशी मी पाय जवळ घेतले.

“काय ठेवणार आहात, ते आधी मला सांगा.”

“अहो, मालकांना सांगितलंय की सगळं.”

“पिशवी मालकांची नाही.”

सिस्टरांना हसू आवरेना. “ताई, इथं भाषण नको. डॉक्टर चिडतील.”

डॉक्टर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “काडी ठेवतोय. फुगते. तोंड उघडतं. झालं समाधान?” मी पाय सोडले. उत्तर मिळालं होतं, पण उभ्यानं मिळालं होतं. ते मला काडीपेक्षा जास्त टोचलं.

संध्याकाळपर्यंत माझ्या ओटीपोटात नुसता ताण होता. पलीकडे मात्र भांड्यात उलट्यांचा आवाज, दात वाजल्याचा आवाज. डॉक्टर पुन्हा पुन्हा येऊन तिची नाडी बघत होते, आता कसं वाटतंय विचारत होते. मला एकदाही कोणी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला उलट्याही चालल्या असत्या.

थोडी उसंत मिळाल्यावर तिनंच पडदा सरकवला. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले.

“लई भांडलीस मगा,” ती म्हणाली. “वकिलीन हाईस का?”

“तुला न भांडता सगळं सांगितलं. स्टुलावर बसून.”

“मला?” ती पोट दाबत हसली. “आमच्या मालकांना सांगत हुते. मी डोईवर पदर घिऊन भिंतीकडं तोंड करून पडले हुते. पुरुषमानसं असलं बोलत्यात, आपन काय ऐकायचं? कानात बोटं घातली.”

“मग हे नवं औषध घ्यायचं, असं तुला कोणी विचारलं?”

“मला कोन इचारतंय. मालकांनीच ठरीवलं.” मग म्हणाली, “तुला पायजेल का? घे माझ्या वाटचं. कळा बी घे.” पुन्हा उमासा आला, तो ओसरल्यावर तिनं हळूच विचारलं, “तू ऐकलंस का गं? काय घातलंय माझ्या पोटात?”

ऐकलेलं सगळं मी तिला सांगितलं. ती लहान मुलीसारखी ऐकत राहिली. थंडी का वाजते हे कळल्यावर म्हणाली, “मंजी मरत न्हाई मी.” इतका वेळ तिला तीच भीती होती.

सकाळी आमचं दोघींचं नीट पार पडलं.

परतीच्या एस.टी.त नवरा शेजारी बसला होता. आता माझा हेवा त्याच्याकडे वळला होता. माझ्या पोटात काय ठेवायचं, ते माझ्या आधी त्याला ठाऊक होतं. स्टूल नव्हे, त्याला तर खुर्ची मिळाली होती.

“डॉक्टरांनी तुम्हाला काय काय सांगितलं ते सगळं सांगा,” मी म्हटलं. “शब्द न् शब्द.”



“काडीचं काहीतरी म्हणाले होते,” तो म्हणाला. “बाकी आता नीटसं आठवत नाही गं.”