पटांगणावरचा खेळ आणि कंपनीचा पाहुणा

पोलाद कारखान्याच्या क्वार्टरांच्या आमच्या अख्ख्या लाईनीत तेव्हा त्या खेळाचं एकच खोकं होतं. नकली नोटा, फासे, मुंबई-दिल्लीची घरं विकत घ्यायची न् भाडं वसूल करायचं. आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात होता, ते दिवस. शेजारच्या क्वार्टरातून खोकं आमच्याकडे आलं की परत जायचं नाव नाही, कारण माझ्या घरवालीले त्याचं वेड लागलं होतं. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, ती त्याहून कमी. पण मले कंगाल करून वरून म्हणायची, "चाला, आता जेलात बसा."

एका गणपतीत तिनं मंडळापुढचं सिमेंटचं पटांगण मागून घेतलं. गेरूनं सारवलं, चुन्यानं रेघा ओढल्या, आणि तोच खेळ एवढा मोठा मांडला की सोंगट्यांच्या जागी माणसं उभी राहावीत. मुंबई-दिल्ली मात्र काढून आमच्याच आसपासच्या जागा घातल्या. तिथं सुपेल्याचा बाजार आला, कोहका आलं, रसमड्याचे कारखाने आले, आणि शेवटच्या घरात आमच्या प्लांटची ब्लास्ट फर्नेस, लोखंड वितळवायची भट्टी. प्लांटच्या गेटाआत ती कधी गेली नव्हती. जेवताना मी भट्टीवरच्या कामाचं जे बोलायचो तेवढंच तिले ठाऊक. पण हळद-कुंकवानं तिनं वितळल्या लोखंडाचा जो पाट काढला, तो पाहून माझे पाय तिथंच थांबले. अंगाले धग लागल्यासारखी वाटली. इतकी वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिच्या हातात हे होतं, मले पत्ताच नव्हता.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी खेळ ठरला. खोक्यावर कंपनीचा पत्ता छापलेला होता. खेळ ज्यांचा त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवावं, असं मंडळानं ठरवलं, आणि खरंच एक माणूस आला. रायपूरहून, बोलायला मराठी. त्याले आम्ही तोंड उघडूच दिलं नाही. आधी शाल, नारळ, टाळ्या. मग शाल अंगावर तशीच ठेवून त्यानं सांगितलं, हा खेळ बंद करायला मले पाठवलं आहे.

मी भडकलो. तिकीट नाही, विक्री नाही, तुमचं काय गेलं, असं विचारलं. आवाज न चढवता तो म्हणाला की हा खेळ कोणीतरी डोकं लावून बनवला आहे. आज तुम्हाला सोडलं तर उद्या कोणी छापून विकेल, मग त्याले कोणत्या तोंडानं अडवू? मले ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. शेजारणीची भाजी आवडली म्हणून घरी करून पाहिली, तर ती काय चोरी झाली?

घरवालीनं मलेच गप्प केलं. "अजी, थांबा ना जरा. तो भाऊ लांबूनच बोलून राहिला, त्यानं पाहिलं तरी कुठं?" मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, याच्यात तुमचं काय काय आहे ते दाखवा. तेवढं मी पुसते."

त्यानं बूट काढले. बंद करायला आलेला माणूस, पण चुन्याच्या रेघेवर त्यानं बूट ठेवला नाही. मोज्यांनीच एकेका घरापाशी जाऊन बोट दाखवू लागला. मधोमध लिहिलेलं खेळाचं नाव कंपनीचं. जेल कंपनीचं. नशिबाच्या चिठ्ठ्यांची घरं, घराघरावर लिहिलेलं भाडं, घेणं-विकणं, सारं कंपनीचं. ती ओलं पोतं घेऊन त्याच्या मागं पुसत चालली, आमच्या जागांची नावं तेवढी मागं उरली. रडली नाही, पण तिच्याकडे पाहवत नव्हतं.

फर्नेसपाशी तो थांबला. शालीचं टोक खाली त्या पाटावर लोंबत होतं, ते त्यानं हातानं वर उचलून धरलं.

"हे आमचं नाही," तो म्हणाला.

"मग राहू देते," ती म्हणाली.

खेळ काही झाला नाही. फासे नाहीत, नोटा नाहीत, खेळणार काय? पण आरती झाल्यावर लोकांनी चपला काढल्या आणि त्या उरलेल्या रस्त्यानं हळूहळू चालू लागले. सुपेल्यावर थांबले, कोहक्याचे लोक कोहक्यावर उभे राहिले. फर्नेसमध्ये मात्र कोणी पाय टाकेना, सारे वळसा घालून जाऊ लागले. खऱ्या भट्टीपुढं मी उभी नोकरी काढली होती. माझी पाळी आली तेव्हा मीही वळसाच घातला.