थरथर गाळणारी स्क्रिप्ट

लिफ्टवाल्या काकांनी उभ्या हयातीत कुठल्याही लिफ्टच्या दाराची वायर परस्पर जोडली नाही. दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये, म्हणून दारात एक छोटा कॉन्टॅक्ट, म्हणजे विजेचा जोड, असतो. तो रुसला की लिफ्ट अडून बसते, रहिवासी तोंडसुख घेतात, आणि कामचुकार मेकॅनिक दोन वायरी एकमेकींना जोडून मोकळा होतो. मग दार उघडं असलं तरी लिफ्ट धावते. काका मात्र ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी लावून खुशाल शिव्या खात. या माणसाला पाट्या लावायची हौसच आहे, असं लोक म्हणायचे.

निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले तेव्हा काका कॉम्प्युटरच्या मागे लागले. भंगारात निघालेलं मशीन आणायचं, ज्याला हवं त्याने उघडून बदलावी अशी ओपन सोर्स सिस्टीम त्यावर चढवायची आणि तिच्या खोड्या मोडत बसायचं. प्रिंटर अडला, लिही स्क्रिप्ट. आवाज गेला, लिही स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची चार ओळींची फाइल. सुरू होताना मशीन ती वाचतं आणि निमूट कामाला लागतं. “या घरात माझं एवढं दुसरं कुणी ऐकत नाही,” असं काका म्हणायचे, आणि काकू तेही ऐकलं नाही असं दाखवायच्या.

काकू टायपिस्ट होत्या. लेखकांची हस्तलिखितं घरी यायची, खिडकीजवळच्या टेबलावर, काकांनीच जुळवून दिलेल्या मशीनवर, काकू ती टाइप करायच्या. लेखकाला स्वतःला लागत नसलेलं अक्षर त्यांना बरोबर लागायचं. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. “हा पूर्ण बरा होत नाही,” त्या म्हणाल्या, “पण वेळेवर डोस बदलत गेलो तर हात पुष्कळ साथ देईल. टायपिंग कसं चाललंय ते दर खेपेला मला सांगा. त्यावरूनच मला कळेल.”

थोड्याच दिवसांत काकूंच्या पानांवर एकेक अक्षर दोन-दोनदा उमटायला लागलं. “कीबोर्डात धूळ गेली असेल, बघतो,” काका म्हणाले. धूळबीळ काही नव्हती. त्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली आणि पान पुन्हा स्वच्छ झालं. काकूंचा चेहरा उजळला. पुढे थरथर वाढली की काका मागे उभे राहून बघायचे आणि त्या उठून गेल्या की स्क्रिप्टमधला आकडा थोडा वाढवायचे. पान स्वच्छच राहिलं. गोळ्या लागू पडल्या, असं काकू धरून चालल्या.

दवाखान्यातल्या त्या थोड्या वेळात हातही मेला शहाण्यासारखा वागायचा. “अगदी पूर्वीसारखं चाललंय,” काकू अभिमानाने सांगायच्या. डॉक्टरबाई डोस आहे तोच ठेवायच्या. काका शेजारी बसून स्वतःच्या चपलांकडे बघायचे. आपण पाप करतोय हे त्यांना कळत होतं. पण काकूंचा तो चेहरा पाहिला की जीभ उचलत नव्हती.

एका सकाळी त्यांनी काकूंच्या मशीनवर सिस्टीमची नवी आवृत्ती चढवली आणि भाजी आणायला गेले. नव्या आवृत्तीत कीबोर्डची व्यवस्थाच बदलली होती, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट सुरूच झाली नाही. काका परतले तेव्हा काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. समोरच्या पानावर अक्षरांचा नुसता चिखल झाला होता.

“आधी वाटलं कीबोर्ड गेला,” काकू म्हणाल्या. “म्हणून तुमच्या मशीनचा काढून लावला. तरी तेच. आता तुम्ही बसा इथे. एक ओळ टाइप करा.”

काका पिशवी खाली ठेवून बसले. दोन बोटांनी चाचपडत त्यांनी एक ओळ टाइप केली. ती स्वच्छ उमटली. भाग बदलून बघायचा म्हणजे बिघाड कुठे आहे ते कळतं, हे त्यांनीच काकूंना शिकवलं होतं.

“हातच असा, तर कालपर्यंत पान स्वच्छ कसं येत होतं? काय करून ठेवलं होतंत?” काकूंनी विचारलं.

काकांनी फाइल उघडून दाखवली. “लिफ्टचं बटण लोक पाच-पाच वेळा दाबतात, पण लिफ्ट एकदाच येते ना, तसं. कीबोर्डचं तेच बटण लागोपाठ दाबलं गेलं तर मोजू नकोस, असं मशीनला सांगितलंय.”

“आणि हा आकडा?”

“किती वेळ मोजायचं नाही, तो. हात जास्त हलायला लागला की वाढवायचो.”

“माझ्या नकळत.”

“तू स्वयंपाकघरात गेलीस की.”

काकूंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. “मी डॉक्टरांना पूर्वीसारखं चाललंय म्हणून सांगत होते, तेव्हा तुम्ही शेजारीच बसला होतात.”

“तुझा पडलेला चेहरा बघवत नव्हता गं.”

“जन्मभर कुणाच्या दाराची वायर जोडली नाहीत,” काकू म्हणाल्या. “जोडलीत ती माझी. निदान पाटी तरी लावायची होती.”

काकांना रडू आवरलं नाही. काकूंनी त्यांची समजूत काढली नाही. त्या उठून पिशवीतली भाजी काढायला लागल्या. मुठीतली मिरची दोनदा खाली पडली आणि त्यांनी ती दोन्ही वेळा स्वतःच उचलली.

नव्या आवृत्तीसाठी काकांनी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. आता तो आकडा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, ठळक दिसतो आणि काकूंनी सांगितल्याशिवाय काका त्याला हात लावत नाहीत.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी नेहमीसारखंच विचारलं, “काय, टायपिंग कसं चाललंय?”

काकू काकांकडे वळल्या. “तुम्ही सांगा.”

काकांनी चपलांवरची नजर वर उचलली. “बिघडत चाललंय,” ते म्हणाले. “बऱ्याच दिवसांपासून. मी ते झाकत होतो.” मग त्यांनी स्क्रिप्टचं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “आधी कळलं असतं तर बरं झालं असतं,” त्या काकांना म्हणाल्या. मग काकूंकडे वळल्या, “हात पुढे करा बघू.”

काकूंनी हात टेबलावरून पुढे धरला. आज तो शहाण्यासारखा वागला नाही. बोटं थरथरत होती. काकांचा हात सवयीने तो धरायला पुढे गेला, पण अर्ध्यावरूनच त्यांनी तो मागे घेतला आणि डॉक्टरबाईंना नीट बघू दिलं.