राहांगडाले सरांची लॅब आणि घरचा फोन

इंजिनिअरिंग संपून नोकरी लागली की सिलॅबस धुऊन जातो, किस्से तेवढे उरतात. आमच्या गोंदियाच्या कॉलेजचे तर इतके साठलेत, की ऑफिसात चहाला उभं राहिलं की एखादा आपोआप निघतो. बहुतेकांचं मूळ एकच, राहांगडाले सर. त्यांचा नियम असा, की प्रोग्राम चालवण्याआधी घरी फोन लावायचा, स्पीकर ऑन करायचा आणि तो घरच्या बोलीत समजावून सांगायचा. आमची लॅब बाहेरून कॉल सेंटर वाटायची! आज क्लायंटला चार सोप्या शब्दांत सांगता येतं ते त्या फोनांमुळे. सरांचे उपकार आहेत, हे मी उघड सांगतो.

*

माझी आई गोंदिया शहरातली, अर्धी हिंदी बोलणारी. पासवर्ड कसा तपासतात हे मी तिला घाम गाळून पटवलं. सगळं शांतपणे ऐकून ती म्हणाली, "वो सब ठीक आहे, खाना खाया क्या?"

सरांनी मला पूर्ण मार्क दिले. म्हणाले, युजर असाच असतो.

*

पूजाचे आजोबा बोदलकशाच्या तलावात मासे धरतात. भल्यामोठ्या यादीतून एक नाव कसं शोधायचं हे ती त्यांना सांगत होती. यादी अर्धी करायची, नको तो भाग सोडायचा, उरलेली पुन्हा अर्धी... तेवढ्यात नेटवर्क गेलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य लॅब बघायला आले असताना आजोबांचाच फोन आला. पूजाने सवयीने स्पीकर लावला.

"पोरी, मंग थो मानूस भेटला का नाही?"

प्राचार्यच तिला म्हणाले, भेटला म्हणून सांग.

*

देवा सौंदडचा. वर्गात सगळ्यात हुशार, पण मुलाखतीत इंग्रजी सुरू झालं की त्याची बोबडी वळायची. आम्हाला नोकऱ्या लागत गेल्या, त्याला मात्र प्रत्येक कंपनी नाकारून गेली. आता एकच उरली होती, मुलाखत ऑनलाइन. सरांनी त्याला स्वतःच्या केबिनमध्ये बसवलं. आम्ही दाराशी जीव मुठीत धरून उभे.

समोरच्या साहेबांचा कॅमेरा बंद, इंग्रजी कडक. रांगेतल्या लोकांना एकेक करून पुढे घेणारा प्रोग्राम देवाने लिहून दाखवला. साहेब म्हणाले, आता समजावून सांगा. देवाने कसंबसं विचारलं, आधी आईला सांगू का? साहेब ओके म्हणाले.

आई भाताच्या रोवणीवर होती, बांधीतल्या चिखलात. तिचा आवाज आला आणि देवा धडाधड सुटला. तिने सगळं ऐकून विचारलं, "मंग थे थांबते कदी?"

देवाने स्क्रीन पाहिली. थांबायची अट लिहायचीच राहिली होती! त्याने ती तिथल्या तिथे टाकली आणि प्रोग्राम नीट चालला. फोन अजून सुरूच होता. थे साहेब आयकून राहिले का, असं आईने विचारलं.

बंद कॅमेऱ्यामागून आवाज आला, "आयकून राहिलो, माय. रोवणी कुठवर आली?"

"होऊन राहिली जी. पोराले घेता का नाही?"

"घेतो. पन रोवणी झाल्यावर पाठव."