धुराच्या तंबूतली कचेरी

भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही... नव्हता म्हणू का? ठरत नाही अजून.

२००६ साली आम्ही टोकियोत, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहत होतो. नवरा आयटी कॉन्ट्रॅक्टवर, मुलगी ईरा पाच वर्षांची, आणि सासरे, अण्णा, साताऱ्याहून आलेले. अण्णांचा जेवतानाचा ठरलेला विषय म्हणजे बेचाळीसची चळवळ. मोर्चावर गोळीबार झाला, दोन माणसं कचेरीच्या पायरीवरच गेली, मग लोक खवळले. शिपायांना दगडांनी ठेचलं. इंग्रजांच्या दगडी कचेरीला बाहेरून कडी घालून अण्णांच्या वडिलांनी, दादांनी, रॉकेलचे पेटते बोळे खिडकीतून आत फेकले. "आत फक्त कागद होते," हे प्रत्येक वेळी शेवटी. खरं सांगते, मला कंटाळा यायचा.

त्या रविवारी सकाळी वसाहतीत आगीची ड्रिल होती. मैदानात अग्निशमनवाल्यांनी धुराचा तंबू लावलेला — एका तोंडाने शिरायचं, वाकून दुसऱ्या तोंडाने बाहेर. धूर खोटा, गोडसर वासाचा. ईराचा हात धरून मी शिरले.

दोन पावलांत वास बदलला. रॉकेल... आणि जळके केस. हाताला तंबूचं कापड नाही, तापलेला दगड लागला. बाहेर बंदुकीचे बार, आरडाओरडा. पायाखाली कुणीतरी रक्ताने माखलेलं, विव्हळत पडलेलं. मी दारावर लाथा घातल्या, दार हलेना. मुठीतला छोटासा हात मला अजूनच घट्ट धरत होता.

"ईरा, सोडू नकोस गं मला," मी म्हणाले.

तेवढ्यात बाहेरून ईराचीच हाक आली. "मम्मी, कोवाई..." भीती वाटली की ती जपानीतच बोलायची. मी मुठीतला हात झटकला आणि आवाजाच्या दिशेने धावत सुटले.

बाहेर ईरा अण्णांना बिलगून उभी होती. घाबरून तंबूच्या तोंडाशीच हात सोडवून मागे पळाली होती म्हणे. मी धापा टाकत अण्णांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील.

"पहारेकऱ्याची पोर होती आत," ते म्हणाले. "माझ्याच वयाची. दार बडवत होती. मी दादांचा सदरा ओढून सांगितलं, ते ऐकेनात."

"अण्णा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बापाबद्दल काय बोलू, पोरी?"

नवरा म्हणतो, धुराने भास झाला. असेलही. पण अण्णांनी जन्मात कुणाला न सांगितलेलं मला कुठून कळलं? मला आठवतो तो हात. त्याने मला घट्ट धरलं होतं. माझी पोर बाहेर आहे हे कळलं, आणि मी तो झटकून टाकला.