रोहूची साडी आणि ढवळलेलं तळं

चंद्रपूरहून मुलचेऱ्याच्या बसमध्ये चढलो तेव्हा माझ्या पिशवीत एका माशाची साडी होती. लाल, जरीकाठाची, रुमालापेक्षा जरा मोठी. मी वरोऱ्यात कापडाच्या दुकानात काम करतो. आजवर नाना तऱ्हेच्या गिऱ्हाइकांना साड्या दाखवल्या, पण खवले असलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच.

माझा जुना दोस्त निर्मल मंडल पूर्वी आमच्याच दुकानात होता. आता मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावात तळ्यात मासे पाळतो. त्याच्या मुलाचं लग्न होतं. त्यांच्यात लग्नाच्या सकाळी नवरीच्या घरी ‘तत्त्व’ (भेटीची ताटं) जातं आणि त्यात मोठा रोहू लागतो, साडी नेसलेला, नथ घातलेला. शिवाय नवऱ्याच्या आईनं लग्न बघायचं नसतं, ती घरीच थांबते. म्हणजे तिथं तिची इज्जत सांभाळायला जातो तो हा मासाच.

मला मात्र वेगळाच किडा चावला होता. समुद्रात लहान मासे झुंडीनं फिरतात आणि त्यांच्या शेपट्यांनी वरचं गरम पाणी खाली, खालचं थंड पाणी वर होतं, वादळानं ढवळावं तसं, असं मी मोबाइलवर पाहिलं होतं. गोंडपिपरी येईपर्यंत मी हे अर्ध्या बसला सांगून टाकलं.

कंडक्टर तिकिटं फाडत म्हणाला, “मंग भाऊ, माह्या चहातली साखर ढवळाले पाठवा एखादी मासोळी.”

बस हसली. मला असला राग आला! वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टीला तर्री-पोहे खाल्ले, तरी काही तो उतरला नाही. वैशाखातली नदी वाळूत कुठेतरी हरवली होती. पुढे सागवान, मोहाची झाडं, मग केळी आणि तळी दिसू लागली, तेव्हा मुलचेरा आल्याचं कळलं.

निर्मलच्या दारात बौदीनं (वहिनीनं) पहिल्यांदा साडी बघितली, मग मला.

“भाऊ, ठेवणीतला रोहू आहे,” ती म्हणाली. “त्याच्याहून लहान गेला तर विहीणबाई जनमभर ऐकवन.”

दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, ऊन चढल्यावर जाळं टाकलं. जाळ्याची खालची दोरी पायानं चिखलात दाबून धरायची, नाहीतर मासा खालून निसटतो. छातीभर पाण्यात एक जागा मला मिळाली.

“पाय हलवू नको हं,” निर्मलनं बजावलं.

पोट कोमट, पावलं गारेगार. वर वेगळं पाणी, खाली वेगळं! निर्मलनं कोंडा आणि ढेपेचे (पेंडीचे) गोळे फेकले, तसे मासे माझ्याभोवती गोल गोल घुसळू लागले. मांड्यांना गुदगुल्या. आणि बघता बघता पावलांना ऊब लागली. आई शप्पथ, ऊब!

“ढवळलं रे ढवळलं!” म्हणत मी टुणकन उडी मारली.

पायाखालची दोरी सुटली. बाजेएवढं काहीतरी माझ्या नडगीवर आपटून गेलं. मी ‘बाजेएवढं’ म्हणालो तर निर्मल अजून भांडतो, पण नडगी माझी होती.

काठावर बौदीचा चेहरा पांढराफटक. “तुमाले साडी आणाले सांगितलं होतं, मासा पळवाले नाई!”

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. रोहू मधल्या खड्ड्यात जाऊन बसला, तिथं जाळं तळाला टेकेना. नवरीकडून दोनदा फोन येऊन गेला. मग बौदीनं पदर खोचला आणि नव्या साडीनिशी सरळ पाण्यात उतरली.

“पाहुणे, उतरा सगळे! गोल फिरा, चिखल वर काढा!”

मावश्या, काका, बँडवाला, आचारी, सगळी झुंड हात धरून खड्ड्याभोवती फिरू लागली. हळद लागलेल्या नवरदेवाला पाण्यात यायची बंदी, तो काठावरून ओरडत होता. तळ्याचा पार गढूळ काला झाला. तेव्हा तो रोहू घुसमटून श्वासाला वर आला, अन् निर्मलनं त्याला मिठीच मारली.

टेम्पोत नटलेलं ते ध्यान माझ्याच मांडीवर. फाट्यावर एक आजीबाई वाकून बघत म्हणाली, “कोनाची नवरी वो? सासरी चालली काय?”

“नाई बाई, रश्श्यात,” मी म्हणालो.

नवरीच्या दारात बायकांनी उलू (जिभेनं काढलेला मंगल आवाज) केला. विहीणबाईंनी ताट घेतलं, ओझ्यानं वाकल्या, आणि दुसऱ्या बाईला हाक मारून धरायला लावलं. माझे डोळे भरून आले. रात्री पंगतीत रोहूच्या डोक्याचा तुकडा मानानं माझ्याच पानात वाढला. खाल्ला की! फर्मास होता.

दुसऱ्या सकाळी तिथूनच परतीची बस धरली. अंगाला असा वास, की शेजारचा प्रवासी उठून पुढे गेला. ऐसपैस बसून विचार करत होतो. समुद्राचं मी नुसतं मोबाइलवर पाहिलेलं. ह्या तळ्यात मी स्वतः झुंडीत होतो, आणि एकट्याच्या हातापायांनी ते पाणी हललंही नसतं. तेवढ्यात बौदीचा फोन आला.

“दोघींनी मासा उचलला म्हणे, खरं काय?”

“खरं.”

पलीकडे तिनं नाक ओढलं.

“पुढल्या साली पोरीचं लग्न हाय, भाऊ. यायचंच,” ती म्हणाली. “पण पाय घरी ठेवून या.”