कडुबाने राखलेल्या जागा

लक्ष्मणरावांना कडुबा फारसा ठाऊक नव्हता. कितीतरी वर्षं दोघे दर रविवारी एकाच बांधावर मांडीला मांडी लावून बसले, पण कडुबाचं आडनाव काय, हे लक्ष्मणरावांना त्याच्या दहाव्याला कळलं. त्याचं गाव खुलताबादच्या अलीकडे कुठंतरी होतं, तो चिकलठाण्याला एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर होता आणि त्याला सुरेखा नावाची एक मुलगी होती, एवढीच त्यांची माहिती. दहाव्याला सुरेखा म्हणाली, "काका, तुम्ही बाबांच्या शेजारी एवढी वर्षं बसलात, दोन शब्द बोला की." लक्ष्मणराव उठले. घसा खाकरून म्हणाले, "कडुबा चांगला माणूस होता." पुढं काही सुचेना, म्हणून खाली बसले.

जेवणं व्हायच्या आत ते निघालेसुद्धा. त्या दिवशी रविवार होता आणि दुपार कलायच्या आत त्यांना मैदानावर पोचायचं होतं. तिथं आता मैदान नाही, ही गोष्ट वेगळी.

मुकुंदवाडी स्टेशनच्या थोडं पुढं, रुळांना लागून उदय क्लबचं मैदान होतं. क्लब म्हणजे काय, तर कारखान्यातली आणि आसपासच्या वस्तीतली पोरं रविवारी फुटबॉल खेळायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत कधी पहिल्या फेरीत हरायची, कधी दुसऱ्या. सगळं शहर क्रिकेटच्या मागं, पण जे उदयचे होते ते उदयचेच होते. लक्ष्मणराव एका कचेरीत कारकून. जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. एकदा जालन्याची गाडी चुकली म्हणून वेळ काढायला त्या बांधावर जाऊन बसले, आणि मग दर रविवारी बसतच राहिले. घरी यमुनाबाई म्हणायच्या, "यांना खेळातलं काय कळतं कोण जाणे!" लक्ष्मणरावांनाही ते नीटसं माहीत नव्हतं.

मैदानाला पायऱ्या नव्हत्या. रूळ टाकताना उरलेल्या मुरमाचा एक लांब बांध होता. जो तो घरून एक सपाट दगड आणून तिथं ठेवी. दगड ठेवला की ती त्याची जागा. त्या जागांचा एक रिवाज होता आणि तो कुणी कुणाला शिकवलेला नव्हता. पाणी प्यायला, भजी आणायला, कशालाही उठायचं झालं तर माणूस आपला रुमाल दगडावर टाकी आणि शेजाऱ्याला म्हणे, "जागा बघ." शेजारी "बघतो" म्हणाला की बांधला गेला. गेलेला परत येईपर्यंत त्यानं उठायचं नाही. गोल होऊ दे, मारामारी होऊ दे, पाऊस कोसळू दे. अगदीच उठणं भाग पडलं, तर बांधावरच्याच दुसऱ्या कुणावर सोपवून मग उठायचं.

दुसरी गोष्ट गाडीची. मागच्या रुळावरून गाडी जायला लागली की पंचाची शिट्टी ऐकू येत नसे. म्हणून गाडी जाईपर्यंत खेळ थांबायचा. खेळणारे होते तिथं उभे राहत. बांधावरची माणसंही तोंडातला शब्द तोंडातच ठेवून गप्प होत. शेवटचा डबा गेला की सगळं एकदम हलायला लागे.

कडुबाच्या एका बाजूला लक्ष्मणराव बसत आणि दुसऱ्या बाजूला कारभारी. कारभारी भाजीच्या आडतीवर कामाला होता, आणि त्याचा आवाज मैदानाच्या पार टोकाला पोचायचा.

"अरे, गोलकीपर हाय का बुजगावणं? पाखरं तरी भिऊ दे की!"

गोलकीपर तिकडून ओरडे, "कारभारीमामा, तुमीच या खाली!"

"आलो असतो रे, पण हा कडुबा माझी जागा विकून खाईल!"

सगळा बांध हसायचा. कडुबा तेवढा हसत नसे. मैदानावरची नजर न काढता म्हणे, "तुझी जागा फुकट दिली तरी घेणार कोण?"

पुढं जमिनीच्या मालकानं जमीन विकली. शेवटच्या सामन्याला बांधावर कधी नव्हती एवढी गर्दी झाली. मध्यंतर झालं तसा कारभारी उठला. खांद्यावरचा लाल चौकड्यांचा टॉवेल त्यानं दगडावर टाकला.

"इथली शेवटची भजी खाऊन घेऊ. रूळ वलांडून आणतो. जागा बघ."

"बघतो," कडुबा म्हणाला. "मिरच्या जास्त आण."

खेळ परत सुरू झाला तरी कारभारी आला नाही. मग स्टेशनकडून कुणीतरी धावत आलं. कारभारी फलाटावरच्या बाकावर बसल्या बसल्या गेला होता. भज्यांचा पुडा मांडीवर तसाच होता, आणि अजून गरम होता म्हणे. बांध रिकामा झाला. खेळाडू धावले, पंच धावला, लक्ष्मणरावही धावले. सामना संपल्याची शिट्टी त्या दिवशी कुणी वाजवलीच नाही.

कडुबा उठला नाही.

अंधार पडेपर्यंत तो टॉवेलाशेजारी बसून होता. मयतीला आला नाही. कारभारीच्या बायकोनं, आवडाबाईनं, त्याच्याशी पुन्हा कधी बोलणं ठेवलं नाही. लोक वाटेल ते बोलले. लक्ष्मणरावांना वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसला असेल.

मैदानावर पत्र्याचं मोठं गोदाम उभं राहिलं. क्लबनं बजाजनगरकडं नवीन मैदान घेतलं. तिथं हिरवं गवत होतं, बसायला खुर्च्या होत्या. बांधावरची माणसं सुरुवातीला तिथं जात. खेळ चालू असायचा आणि ही मंडळी रुळाकडच्या मैदानाच्याच गोष्टी काढायची. अमुक गोल कसा झाला, चेंडू रुळावर गेला तेव्हा कोण धावलं, भजी कुणाची चांगली. एकजण तर म्हणाला, "इथं गाडी जात नाही, त्यामुळं थांबायचं कधी तेच कळत नाही." हळूहळू माणसं कमी झाली. काही आजारपणानं, काही वयानं. लक्ष्मणरावही जाईनासे झाले. कडुबा तिथं कधी आलाच नव्हता. कारखान्यातून सुटल्यावर त्यानं त्या गोदामाच्या फाटकावर राखणदाराची नोकरी धरली, एवढं कानावर आलं.

मग गेल्या उन्हाळ्यात एक दिवस सुरेखा दारात उभी राहिली. तिला लहानपणी कधी बांधावर पाहिलं असेल तेवढंच.

"काका, बाबांच्या छातीचं ऑपरेशन सांगितलंय. डॉक्टर म्हणतात, आता थांबलात तर आमच्या हातात नाही. रविवारी भरती व्हायचंय, सोमवारी सकाळी ऑपरेशन. आणि बाबा म्हणतात, रविवारी जमायचं नाय."

"का?"

"जागा बघायचीय म्हणे. दर रविवारी बसतात तिथं. बांधावरचं कुणी बसायला आलं तरच उठतो म्हणतात. मी सगळीकडं जाऊन आले. एकजण नुसते हसले. दुसरे हसले नाहीत. म्हणाले, बाई, मी एकदा तिथं जाऊन आलोय, मला परत सांगू नको. आता तुम्हीच राहिलात."

यमुनाबाई आतून म्हणाल्या, "अहो, एक दुपार बसायचं तर आहे. इथं तरी दिवसभर काय करता?"

"येऊन बघतो," लक्ष्मणराव म्हणाले. बसतो, असं काही त्यांनी कबूल केलं नाही.

रविवारी ऊन रणरणत होतं. गोदामाच्या मागच्या अंगाला पत्र्याची पडवी होती. तिच्याखाली, रेल्वेच्या भिंतीला लागून, तो बांध होता तसाच होता. गोदामवाल्यांना त्याचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी तो हलवलाच नव्हता. समोर जिथं गोल असायचा तिथं खोक्यांची थप्पी लागली होती आणि काही हमाल ट्रक भरत होते.

कडुबा आपल्या दगडावर बसला होता. राखणदाराचा निळा शर्ट अंगावर ढगळ झाला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दगडांची रांग, आणि दगडादगडावर कापडं. रुमाल, टॉवेल, एक मफलर, एक टोपी. धूळ सगळीकडं होती. दगडांवर होती, मुरमावर होती, कडुबाच्या चपलांवर होती. कापडांवर मात्र नव्हती.

"या, लक्ष्मणराव. उशीर केला."

"हे सगळं काय, कडुबा?"

"जो जो गेला तो टाकून गेला. मी कुणाला बोलावलं नाय. रविवारी येऊन बघतो तर रुमाल असतो. मागनं कळतं की अमका वारला." कडुबा हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होता. "मी काय म्हणणार? बघतो म्हणलं."

लक्ष्मणरावांचं लक्ष त्यांच्या जुन्या दगडाकडं गेलं. तो तेवढा मोकळा होता.

"तुमचाच हाय. तुम्ही नुसतेच उठून गेलात, काही टाकून गेला नाय. बसा की."

ते बसले. दगड थंड होता. वर पत्रा तापून कडकड वाजत होता आणि खाली दगड रांजणाच्या बुडासारखा गार. मागून गाडीचा आवाज आला. लक्ष्मणराव सवयीनं गप्प झाले, आणि मग त्यांना दिसलं, समोरचे हमालही थांबले होते. एकजण खोकं डोक्यावर धरून तसाच उभा, एकाचा पाय ट्रकच्या फळीवर. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. शेवटचा डबा गेला आणि सगळे एकदम हलले. त्याबरोबर बांधाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत मुरूम करकरला, पुष्कळ माणसं एकदम सैल होऊन बसावीत तसा.

लक्ष्मणरावांनी जवळच्या हमालाला विचारलं, "तुम्ही का थांबलात रे?"

तो बिचारा गोंधळला. "काय म्हाईत, काका. मी आठच दिवस झाले आलोय. सगळे थांबत्यात."

कडुबा मैदानाकडं, म्हणजे खोक्यांकडं, बघत होता. त्याचा एक हात छातीवर होता आणि श्वास घेताना खांदे वर येत होते. त्याच्या पलीकडं तो लाल चौकड्यांचा टॉवेल होता. लक्ष्मणरावांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी कडुबाच्या मागून वाकून टॉवेलाला बोट लावलं. टॉवेल ओला होता. घामानं भिजलेला असतो तसा, कोमट.

"आत्ताच उठून गेलाय," कडुबा म्हणाला.

लक्ष्मणरावांनी हात मागं घेतला. घरी जावं असं त्यांना फार वाटलं. सुरेखाला सांगता आलं असतं की मला जमणार नाही, माझं वय झालं. खोटंही नव्हतं.

"कडुबा, तुम्ही त्या दिवशी उठायला हवं होतं," ते म्हणाले. एवढं स्पष्ट ते कुणाशीच बोलत नसत. "कारभारी तिकडं बाकावर पडला होता. त्याला तुमचा खांदा लागला नाही."

कडुबानं टॉवेलाचं खाली लोंबणारं टोक उचलून दगडावर ठेवलं.

"आवडाबाई बी लोकांपाशी हेच म्हणती. खरं हाय तिचं." मग तो म्हणाला, "पण त्यानं मला जागा बघ म्हणलं होतं, लक्ष्मणराव. तुम्ही सगळे तिकडं पळाला. मी बी पळालो असतो, आणि तो भजी घेऊन इकडं आला असता तर? त्यानं बघितलं असतं, सगळा बांध रिकामा. मैदान रिकामं. माणसानं काय समजायचं?"



फाटकाकडं रिक्षाचा आवाज आला. सुरेखा उतरली आणि तिथंच थांबली. पडवीच्या आत ती आली नाही. ऊन डोळ्यांवर घेत उभी राहिली, हातात कपड्यांची पिशवी. ती हाक मारत नव्हती. नुसती लक्ष्मणरावांकडं बघत होती. कडुबाकडं नाही, त्यांच्याकडं.

"परत यायला किती दिवस लागतील म्हणाले डॉक्टर?" त्यांनी कडुबाला विचारलं.

"आठ-पंधरा दिवस म्हणत्यात. त्यांचं काय खरं!"

"आणि तोवर यातलं कुणी आलं तर?"

"आलं तर सरकून बसायचं. दुसरं काय?"

लक्ष्मणरावांनी कडुबाच्या ओठांकडं पाहिलं. ते निळसर पडले होते. लक्ष्मणराव आपल्या दगडावरून उठले, दोन दगडांच्या मधे जरा पाय रोवून पुन्हा नीट बसले आणि म्हणाले, "द्या. मी बघतो."

कडुबानं रांगेवरून एकदा नजर फिरवली. "हे लक्ष्मणराव," तो कुणाला तरी म्हणाला. "आपलेच हायेत. आता हे बघतील." मग गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. इतक्या वर्षांनी त्याला कुणाच्या तरी भरवशावर तिथून उठता येत होतं, आणि उठल्यावर कसं उभं राहायचं हेच जणू त्याला आठवत नव्हतं. खिशातून घडी केलेला पांढरा रुमाल काढून त्यानं आपल्या दगडावर टाकला आणि चारी कोपरे सारखे केले.

सुरेखा रिक्षाजवळून म्हणाली, "बाबा, चला."

कडुबा दोन पावलं गेला आणि थांबला.

"लक्ष्मणराव, चष्मा आणलाय का?"

"आणलाय."

"लांबचा का जवळचा?"

"लांबचा."

"मग खेळ दिसंल," कडुबा म्हणाला.