समोरच्या घरची अमाला

अमेरिकेत, अर्विंगच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये समोर एक नायजेरियन बाई राहते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दर रविवारी ती दार सताड उघडं टाकून अमाला करते. उकळत्या पाण्यात यामचं, म्हणजे त्यांच्याकडच्या कंदाचं, तपकिरी पीठ घालते आणि कमरेत वाकून लाकडी उलथन्याने असं घोटते, की गुठळीची हिंमत होत नाही. दिसायला थेट आमची नाचणीची उकड.

माझी लेक त्या उकडीला 'यक्' म्हणते. परवा तीच समोरच्या घरी त्या बाईच्या मुलींबरोबर बसून, अमालाचा गोळा भेंडीच्या बुळबुळीत रश्शात बुडवून बोटं चाटत होती. माझ्या पोटात अस्सं दुखलं!

"मुली खायला कटकट करत नाहीत?" मी त्या बाईला विचारलं.

"काय खाणार, असं मी विचारतच नाही," पातेल्याची कड खरवडत ती म्हणाली. "वाढते."

वाढते म्हणे! आणि मी रोज वेट्रेससारखी उभी, पास्ता की पिझ्झा?

संध्याकाळी इरेला पेटून नाचणीची उकड केली. गुठळी एक नाही. लेकीपुढे ताटली ठेवली, आणि सवयीने तोंडून निघालंच, "खाशील ना गं?"

"नो, थँक्स."